जुनी येना ८×३० आणि नवी ८×४२ : पावसाळा ते हिवाळा वापरल्यानंतर

गेल्या जूनपासून दोन दुर्बिणी आलटून पालटून माझ्या गळ्यात आहेत. एक सासऱ्यांची, कार्ल झाइस येनाची 'जेनोप्टेम' ८×३० (म्हणजे आठपट मोठेपणा, समोरचं भिंग तीस मिलिमीटरचं), पूर्व जर्मनीत बनलेली, पॉरो प्रिझमची. दुसरी पावसाच्या तोंडावर घेतलेली ८×४२, रूफ प्रिझमची, ईडी काचेची (कडांवरची रंगीत झालर कमी करणाऱ्या), वॉटरप्रूफ. नवीच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पंचवीस-तीस हजारांच्या टप्प्यातल्या तीन-चार कंपन्यांच्या दुर्बिणी मी दुकानात डोळ्याला लावून पाहिल्या, त्यांच्यात एकोणीस-वीसाचाच फरक होता. जुन्या आणि नव्या बांधणीतला फरक मात्र चांगलाच मोठा आहे, आणि तो सगळा नवीच्या बाजूने नाही. घरच्या कपाटात एखादी चांगली जुनी दुर्बीण पडून असेल, तर ती कुणाला देऊन टाकण्याआधी हे वाचावं म्हणून एवढं लिहितेय.

आधी प्रिझमचं सांगते, कारण बाकी बरंचसं त्यावरच ठरतं. पॉरो म्हणजे खांदे बाहेर आलेली, नागमोडी आकाराची दुर्बीण. इग्नात्सिओ पॉरो या इटालियन माणसाने १८५४ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि १८९४ पासून येनाच्या झाइसने ती बाजारात रूढ केली. यात प्रकाश प्रिझमच्या प्रत्येक पृष्ठावरून पूर्णपणे परावर्तित होतो, आरशाचा मुलामा द्यावाच लागत नाही. सरळ नळ्यांच्या रूफ दुर्बिणींत बहुतेक वेळा जो प्रिझम असतो, त्याच्या एका पृष्ठावर मुलामा लागतोच. शिवाय प्रकाश छपरासारख्या दोन उतारांवर विभागला जातो आणि त्या दोन भागांची लय जुळत नाही, त्यामुळे बारीक तपशील किंचित पुसट होतो. यावरचा उपाय, म्हणजे फेज कोटिंग, झाइसने १९८८ मध्ये आणला. तेव्हा आज कुणी फेज कोटिंग नसलेली स्वस्त रूफ दुर्बीण 'मॉडर्न' म्हणून गळ्यात मारत असेल, तर सांभाळलेली जुनी पॉरो तिच्यापेक्षा नक्कीच रेखीव दिसते. माझ्या नवीत फेज कोटिंग आहे, आणि प्रिझमवरचा मुलामा डायइलेक्ट्रिक, म्हणजे धातूऐवजी पातळ थरांचा, जवळजवळ सगळा उजेड परत पाठवणारा आहे. म्हणून ही तुलना बरोबरीची आहे.

भर दिवसा, ऊन पाठीशी असताना, चित्राच्या मध्यभागी दोघींत रेखीवपणाचा फरक शोधावा लागतो. कवडीपाटला शेकाट्यांचे लालगुलाबी पाय, खंड्याच्या चोचीची धार, दोन्हींतून सारखंच स्वच्छ. कडेला मात्र येनाचं चित्र मऊ पडतं. सूर्य समोर आला की तर ती उघडच हरते. नळीच्या आतल्या भिंतींवरून उजेड पसरतो आणि पाण्यावरचे पक्षी पांढुरक्या पडद्याआड गेल्यासारखे होतात. हा लेपांचा फरक. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर चार टक्क्यांच्या आसपास उजेड परत फिरतो. एकेरी लेप तो दीड टक्क्यापर्यंत आणतो आणि आजचे बहुपदरी लेप अर्ध्या टक्क्याच्याही खाली नेतात. एका नळीत अशी दहाएक पृष्ठं असतात, म्हणजे हिशेब कुठे जातो बघा. अण्णांची, म्हणजे सासऱ्यांची जेनोप्टेम एकेरी लेपाची आहे. पुढे बहुपदरी लेपाच्याही निघाल्या, तशी मिळाली तर तीच घ्यावी.

रंगाचा मुद्दा मला भिगवणला कळला. येनातून सगळं जरा पिवळसर, उबदार दिसतं. रोहितांच्या थव्याला ते शोभतं. पण चिखलातले टिलवे ओळखायचे तर पायांचा रंग हाच पुरावा असतो: छोट्या टिलव्याचे पाय काळे, टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट-हिरवट. नाववाले दादा काठीने होडी थोपवून म्हणाले, "ताई, पाठ नका बघू, पाय बघा." येनातून पाहिलं तर ओल्या चिखलावर ते पाय मला नुसते मळकट दिसले. नवीतून पिवळटपणा सरळ दिसला, एवढंच नाही तर दादांनी दाखवलेल्या पक्ष्याच्या पलीकडे काळ्या पायांचे दोघे होते, तेही वेगळे काढता आले. पाणथळीवर किनाऱ्याचे पक्षी पाहणाऱ्याला एवढा एक मुद्दा पुरेसा आहे.

जंगलात नवीचं पारडं आणखी जड. जूनच्या सुरुवातीला कर्नाळ्याला नवरंग ऐकू येत होता, पण ढगाळ पहाट, वर दाट पानोरा आणि पक्षी खाली पाचोळ्यात. येनातून फक्त हालचाल कळली. ८×४२ डोळ्याला लावली आणि डोळ्यावरची काळी पट्टी, पोटाखालचा लाल रंग, पंखावरचा निळा ठिपका, सगळं उलगडलं. यामागचं गणित सोपं आहे. समोरच्या भिंगाचा व्यास भागिले मोठेपणा, इतक्या मिलिमीटरचं उजेडाचं वर्तुळ डोळ्यात येतं. तीस भागिले आठ म्हणजे ३.७५, बेचाळीस भागिले आठ म्हणजे ५.२५. लख्ख उन्हात आपली बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडते, तेव्हा हा फरक वाया जातो. अंधाऱ्या झाडीत बाहुली मोठी होते आणि मग नवीचा जवळजवळ दुप्पट उजेड कामी येतो.

पावसाळ्यात येना कपाटातच ठेवली, आणि याला पर्याय नाही. जुन्या बांधणीत फोकसचं चाक फिरवलं की डोळ्याकडच्या नळ्या आत-बाहेर सरकतात आणि प्रत्येक वेळी बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. सह्याद्रीतल्या जुलैच्या हवेत याचा परिणाम आधी धुकं आणि मग बुरशी. नवीत फोकसचं भिंग आतल्या आत सरकतं, नळी सीलबंद असते आणि आत नायट्रोजन असतो. ताम्हिणीच्या पावसात ती निथळेपर्यंत भिजली, आतून एकदाही धूसर झाली नाही. बाहेरच्या काचांवर थेंब आणि श्वासाची वाफ येतेच, त्यासाठी रेनगार्ड (डोळ्याकडच्या भिंगांवरचं झाकण) आणि सुती रुमाल हवा. नवीचं रेनगार्ड एवढं ढिलं आहे की वाकलं की पडतं. मी ते पट्ट्याला दोऱ्याने बांधून टाकलं.

चष्मा हा माझ्यासाठी निर्णायक मुद्दा. येनात डोळा भिंगापासून दहा-बारा मिलिमीटरवर असेल तरच पूर्ण वर्तुळ दिसतं. चष्म्याने ते अंतर मिळत नाही आणि मग किल्लीच्या भोकातून डोकावल्यासारखं दिसतं. चष्मा काढून वापरली की चित्र भरून दिसतं, पण पक्षी उडाला की चष्मा घाला, दुर्बीण लावायची तर काढा, असा खेळ पहाटभर चालतो. चष्मेवाल्यांनी पंधरा मिलिमीटरच्या पुढचं आय रिलीफ (म्हणजे हेच डोळा ते भिंग अंतर) असलेलीच दुर्बीण घ्यावी, त्यात तडजोड करू नये.

आता येनाची बाजू, आणि ती मनापासून सांगते. तिची दृष्टी रुंद आहे: हजार मीटरवर दीडशे मीटर. नवीची एकशे चाळीस. आकड्यात दहा मीटर फार वाटत नाहीत, पण बाभळीत टुणटुणणारा पर्ण वटवट्या शोधताना ते जाणवतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे खोली. पॉरोची समोरची भिंगं आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त अंतरावर असतात, म्हणून जवळच्या दृश्यात पुढची फांदी, तिच्यामागचा पक्षी आणि त्याच्यामागची पानं सुटी-सुटी उभी राहतात. सिंहगडाच्या दरीत ओढ्यावर नीलिमा पाण्यासाठी उतरते, त्या वेळी वेलींच्या जाळीतून ती कुठल्या काडीवर बसली आहे हे येनातून आधी कळतं. नवीतून चित्र स्वच्छ, पण जरा चपटं. अण्णा सकाळी गच्चीत चहा घेताना तांबट आणि शिंजीर बघायला अजूनही तीच घेतात, आणि त्या कामाला तिच्यापेक्षा चांगली दुर्बीण मी तरी पाहिलेली नाही. वजनही अर्ध्या किलोच्या आसपास. नवी त्याहून दीड-दोनशे ग्रॅम जड आहे आणि दुपारपर्यंत मान ते सांगते. रुंद पट्टा नाही तर खांद्यांवरचा हार्नेस घ्यावा.

जवळचं बघायचं तर नवीच. दोन-अडीच मीटरवरचं फुलपाखरू तिच्यात येतं, येनासाठी चार पावलं मागे जावं लागतं. नवीचं चाक मात्र फार चपळ आहे. दूर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी पकडताना ते पुढे निघून जातं आणि परत मागे आणावं लागतं. येनाचं चाक आधी इतकं घट्ट होतं की दोन बोटं लागायची. आतलं ग्रीस वाळलेलं होतं. पुण्यातल्या एका जुन्या कारागिराकडून ती उघडून साफ करून घेतली, तेव्हा प्रिझमवरची थोडी बुरशीही निघाली आणि दोन्ही नळ्यांची जुळणी परत नीट झाली. बुरशीने काच कोरली गेली नसेल, तर असा खर्च सार्थकी लागतो. आता ती सिलिका जेलच्या पुड्या टाकलेल्या हवाबंद डब्यात राहते.

तर एकच घ्यायची असेल आणि पैसे असतील, तर बिनदिक्कत फेज कोटिंगवाली नवी ८×४२ घ्या. चष्मा नसेल, हात आखडता असेल आणि भटकंती ऑक्टोबर ते मे अशी असेल, तर चांगली सांभाळलेली जुनी पॉरो घ्या, पण भडक लाल काचेच्या '२०×५०' वगैरेच्या नादी लागू नका. तो लाल मुलामा लाल उजेडच परत पाठवतो, त्यामुळे पक्षी निळसर-हिरवा दिसतो, आणि वीसपट मोठेपणात हाताची थरथरही वीसपट होते.

जुनी घेताना दोन चाचण्या दुकानातच करा. मोबाइलचा टॉर्च समोरच्या भिंगातून टाकून दुसऱ्या बाजूने बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मग लांबच्या आडव्या विजेच्या तारेवर फोकस करा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून दूर न्या. दोन्ही वर्तुळांत तार एकाच उंचीवर राहिली पाहिजे. वर-खाली झाली तर जुळणी बिघडलेली आहे. अशी दुर्बीण अर्ध्या तासात डोकं दुखवते, तेव्हा दुरुस्तीचा खर्च धरूनच भाव करा.