बधिर पायाचे उत्तर कोठे शोधावे: मोठे रुग्णालय की एकट्या न्यूरॉलॉजिस्टचा दवाखाना?

बोटांना मुंग्या येतात, तळवा बधिर वाटतो आणि फॅमिली डॉक्टरांनी दिलेल्या बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या संपल्या तरी फरक पडत नाही, अशा टप्प्यावर नाशिककरासमोर साधारण दोन दारे असतात. एक म्हणजे मुंबई नाक्याच्या किंवा द्वारकेच्या बाजूचे बहुमजली रुग्णालय, जेथे तपासणी, एमआरआय आणि रक्तचाचण्या एकाच छपराखाली होतात. दुसरे म्हणजे शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, गंगापूर रोड या पट्ट्यात स्वतःचा दवाखाना चालवणारा एकटा न्यूरॉलॉजिस्ट. मी दीड वर्षाच्या काळात दोन्ही ठिकाणी गेलो. माझे मत एका पायाच्या अनुभवावर उभे आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

लक्षणे अचानक आलेली असतील, तर मात्र ही तुलना वाचत बसू नये. एका बाजूचा हातपाय एकाएकी बधिर होणे, तोंड वाकडे होणे किंवा बोलताना शब्द अडखळणे, यासाठी मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभागच हवा, कारण पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. पायांपासून वर चढत जाणारी अशक्तता किंवा जांघेतल्या बधिरपणाबरोबर लघवी अडणे, हीसुद्धा त्याच रांगेतली लक्षणे आहेत. जीबीएस (गुलियन-बारे सिंड्रोम, अशी वर चढणारी अशक्तता आणणारा मज्जातंतूंचा आजार) हा शब्द २०२५ च्या जानेवारीत पुण्यातील सिंहगड रस्ता परिसरातल्या साथीनंतर आपल्या घराघरांत पोहोचला, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा असून नेमका तेथेच स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची शंका आधी फेडून घ्यावी. त्याची औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

माझी कथा अशी सुरू झाली की, गंगापूर रोडवर सकाळी फिरताना डाव्या पायातली चप्पल निसटली आणि मला ते चार पावलांनंतर, मागून येणाऱ्या एका आजोबांनी हाक मारल्यावर कळले. दुखत काहीच नव्हते. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटे जणू कापसात गुंडाळलेली होती. घरातल्या सर्वांचे निदान एकच, ते म्हणजे नस दबली असेल.

मोठ्या रुग्णालयाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. वेळ दोन दिवसांत मिळाली, एमआरआय त्याच आठवड्यात झाला आणि अहवाल मोबाइलवर आला. घरच्या माणसाला बरोबर घेऊन शहरभर फिरावे लागले नाही, ही वयस्कर रुग्णासाठी लहान गोष्ट नव्हे. विम्याचे मात्र अनेकांच्या मनात असते तसे नाही. बहुतेक पॉलिसी बाह्यरुग्ण तपासणीचा खर्च देत नाहीत आणि केवळ तपासण्यांसाठी दाखल झाल्यास दावा नाकारला जाण्याची शक्यता मोठी असते, म्हणून त्या कारणासाठी मोठे दार निवडू नये.

माझे मन फिरले ते एका किरकोळ वाटणाऱ्या त्रासामुळे. त्या रुग्णालयात मी चार वेळा गेलो आणि चारही वेळा माझी हकिगत पहिल्यापासून सांगितली. प्रत्येक वेळी समोर नवे कनिष्ठ डॉक्टर, तोच प्रश्न, “कधीपासून?”, आणि माझ्या उत्तरातले निम्मेच संगणकात उतरत असे. तिसऱ्या भेटीपर्यंत मीही कंटाळून कथा आखडती घेऊ लागलो. चप्पल गळून पडली, रोज रात्री आम्लपित्ताची गोळी घेतो आणि ती घेऊन सहा वर्षे झाली, यांपैकी गोळीचा उल्लेख दुसऱ्या खेपेलाच गळाला. वरिष्ठ डॉक्टर शेवटची पाच मिनिटे येत, एमआरआयचे चित्र पडद्यावर पाहत आणि कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली चकती फुगली असल्याचे सांगत. ते खोटे नव्हते. परंतु पन्नाशी ओलांडलेल्या, कधीही पाठ न दुखलेल्या बहुसंख्य माणसांच्या एमआरआयमध्येही चकती झिजलेली किंवा फुगलेली सापडते, हे मला नंतर कळले. चार भेटींत माझे मोजे कोणीही काढायला सांगितले नाहीत.

शरणपूर रोडच्या दवाखान्यात वेळ मिळायला तीन आठवडे लागले आणि दिलेल्या वेळेनंतर दीड तास बाकावर बसावे लागले. आत गेल्यावर डॉक्टरांनी पहिले वाक्य उच्चारले ते असे, “दोन्ही मोजे काढा आणि डोळे मिटा.” मग कापसाचा बोळा, मग टोचणी आणि शेवटी १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, प्रथम अंगठ्याच्या हाडावर आणि नंतर घोट्यावर. कंप थांबला की सांगायचे. मी डाव्या पायाविषयी गेलो होतो. उजव्या अंगठ्यावरही कंप लवकर थांबतो, हे मला त्या खुर्चीत प्रथम समजले. एका पायाचा बधिरपणा कमरेकडे बोट दाखवतो, दोन्ही पायांचा असेल तर साखर, बी-१२, थायरॉइड, दारू, औषधे असा वेगळाच रस्ता उघडतो. त्यांनी औषधांच्या पाकिटांचीच मागणी केली. आम्लपित्ताची गोळी तेथे सापडली. अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेतल्यास अन्नातले बी-१२ शोषले जाणे कमी होऊ शकते, आणि आमचे घर शाकाहारी. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनाही हाच धोका असतो. माझे बी-१२ १४८ निघाले. बहुतेक प्रयोगशाळा २०० च्या आसपासची खालची मर्यादा छापतात. रक्त देण्यापूर्वी बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील, तर आकडा फसवा येऊ शकतो, त्यामुळे हे आधी सांगावे. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते: बी-६ जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतले, तर त्यानेच बधिरपणा येतो.

या दवाखान्यात एनसीव्हीचे, म्हणजे मज्जातंतूतून संदेश जाण्याचा वेग मोजणाऱ्या चाचणीचे, यंत्र नाही, ही त्याची खरी उणीव आहे. चिठ्ठी घेऊन वेगळ्या केंद्रावर जावे लागले, तेथून अहवाल स्वतः उचलून आणावा लागला. तरी जाताना त्यांनी दुपारची वेळ घ्यायला आणि पाय गरम ठेवायला सांगितले, कारण त्वचेचे तापमान घसरले की मज्जातंतूचा वेग खोटाच कमी दिसतो. रुग्णालयात माझी तीच चाचणी डिसेंबरात सकाळी आठला झाली होती, निफाडच्या गारठ्याच्या बातम्या येत होत्या त्या आठवड्यात, आणि खोलीत पंखा चालू होता. दोन अहवालांतले वेग वेगळे आले यात मला आता आश्चर्य वाटत नाही. शिवाय ही चाचणी जाड तंतूंपुरती असते. तळव्याची आग होत असून अहवाल स्वच्छ आला, तर बारीक तंतूंचा दोष राहून गेलेला असू शकतो.

मुंबईचा पर्यायही सुचवला जातो. सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन परळच्या मोठ्या रुग्णालयांत दाखवता येते, आणि निदानच लागत नसेल तेव्हा तेथे जावेच. परंतु पहिल्या शोधासाठी दर दोन महिन्यांनी कसारा घाट उतरण्याइतका फायदा मला दिसत नाही.

माझे डॉक्टर चुकणारच नाहीत, असे मी म्हणणार नाही. एकट्या माणसाचे मत एकटेच असते, ते सुटीवर गेले की दवाखान्याला कुलूप असते, आणि ज्यांना एका दिवसात सर्व उरकायचे आहे, त्यांना मोठे रुग्णालयच सोयीचे ठरेल. मीही पाय लंगडू लागला असता तर तिकडेच धावलो असतो. फक्त हळूहळू वाढणारा, नाव नसलेला बधिरपणा असेल, तर मी आज पुन्हा त्याच बाकावर दीड तास बसेन. तेथे माझी जुनी पुठ्ठ्याची फाइल असते, आणि तिच्या एका पानावर प्रत्येक भेटीतले कंपाचे सेकंद एकाखाली एक लिहिलेले आहेत. पहिल्या दिवशी डावा अंगठा ३, उजवा ६. सात महिन्यांच्या बी-१२ च्या इंजेक्शनांनंतर डावा ७, उजवा १०. डाव्या अंगठ्याचे टोक अजून कापसातच आहे, पुढची तारीख कार्तिकात आहे.