गाडी सेल्फ घेत नाही: जवळ टेस्ट लॅम्प ठेवावा की मल्टिमीटर?

सेकंडहँड पिकअप घेतली की पहिल्या पावसाळ्यात एक तरी सकाळ अशी उगवते, चावी फिरवावी आणि नुसतं ‘टक्’ व्हावं. कधी तेवढंही होत नाही. गाडीत माल भरलेला असतो आणि वायरमन दुपारशिवाय येणार नसतो. अशा वेळी दाराच्या खिशात काय असावं, हा प्रश्न नवीन मालकाला पडतोच. एक पर्याय इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, दुसरा डिजिटल मल्टिमीटर. मी दोन्ही बाळगतो, पण आधी हात कशाकडे जातो ते पुढे येईलच.

एक गोष्ट आधीच वेगळी काढू. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) जोरात फिरतोय आणि इंजिन पेटत नाही, तर बहुतेक वेळा डिझेल लाइनमध्ये हवा, चोक झालेला फिल्टर किंवा ढिला बँजो बोल्ट (डिझेलची नळी जोडणारा पोकळ बोल्ट) असतो. तिथे आधी हँड प्राइमर (फिल्टरजवळचा हातपंप) मारून एअर काढायची. जुन्या पंपावर स्टॉप सोलेनॉइड (चावी बंद केल्यावर डिझेल तोडणारी विजेची झडप) असेल, तर चावी ऑन केल्यावर त्याच्या वायरीवर करंट येतो का, एवढंच विजेच्या बाजूने बघण्यासारखं असतं. ते दोन्ही साधनांनी दिसतं. खरी तुलना सेल्फ फिरतच नाही तिथे.

बॅटरीच्या बाबतीत मीटरला तोड नाही, हे आधीच मान्य. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी आणि १२ च्या खाली गेली की डिझेल इंजिन फिरवायची अपेक्षा ठेवू नये. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर बॅटरी थकलेली, किंवा सेल्फच जास्त करंट ओढतोय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसले की बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक. लॅम्पला १२.६ आणि १२.१ मधला फरक कळत नाही, दोन्हीवर तो सारखाच पेटतो.

आता मीटरचा जो त्रास माझ्यासाठी निर्णायक ठरला, तो सांगतो. सेल्फवरच्या सोलेनॉइडच्या (चावी फिरवल्यावर आत ओढला जाऊन सेल्फला करंट जोडणारा विजेचा स्वीच) बारीक वायरीची थिंबल, म्हणजे टोकाची पितळी टोपी, काढायची, त्यावर मीटरचा लाल प्रोब (टोकदार पिन) लावायचा आणि कुणाला तरी चावी फिरवायला सांगायची. मीटरवर १२.४ येतात. म्हणजे वायर चांगली, म्हणजे सेल्फ खराब, असा हिशोब होतो. सेल्फ उतरतो, कार्बन (मोटरच्या आत करंट पोचवणारे ब्रश) बदलतात, बुश बदलतात, सेल्फ परत बसतो आणि चावी फिरवल्यावर पुन्हा तेच ‘टक्’.

यात मीटरची चूक नाही. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो, त्यामुळे मोजताना तो एखाद-दुसरा मायक्रोअँपिअर करंट घेतो. एवढ्याशा करंटला हिरवट चढलेला जोड, रिलेचा (विजेने चालणाऱ्या स्वीचचा) जळका कॉन्टॅक्ट, इग्निशन स्वीचची झिजलेली पट्टी काहीच अडवत नाही. जोडात शंभर ओहम असले तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो. सोलेनॉइडला मात्र आत ओढायच्या क्षणी कित्येक अँपिअर लागतात, आणि तेवढे त्या जोडातून येत नाहीत. जुन्या पिकअपच्या वायरिंगमध्ये असे जोड ठायी ठायी असतात. टेप गुंडाळून मारलेल्या गाठी, कुणीतरी मध्येच घेतलेलं रिव्हर्स हॉर्नचं कनेक्शन, बॅटरीखालच्या ट्रेजवळ ॲसिडने खाल्लेली वायर. बिघाड जिथे सगळ्यात जास्त असतो, नेमकं तिथेच मीटर ‘सगळं ठीक’ म्हणतो.

२१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. तोच शंभर ओहमचा जोड असेल तर बल्ब पेटणारच नाही. पाच-सात ओहम असतील तर मलूल, तांबूस पेटेल. आकडा वाचायची गरज राहत नाही.

मीटरची बाजू घेणारे म्हणतील की वायर न काढता, सोलेनॉइडला जोडलेली असतानाच सेल्फ मारून मोजा, खरं व्होल्टेज दिसेल. बरोबर आहे, आणि तीच योग्य पद्धत आहे. लॅम्पही तसाच, वायर जागेवर ठेवूनच लावावा, कारण अर्ध्या ओहमचा दोष एकट्या बल्बलाही दिसत नाही. सोलेनॉइडचा लोड पडला की बल्ब लगेच मंदावतो. अडचण हाताळण्याची आहे. माणूस एकटा, प्रोब इंजिनखाली धरायचे, चावी केबिनमध्ये. स्वस्त मीटरचा आकडा सेकंदाला दोन-तीनदाच बदलतो, उन्हात दिसत नाही, आणि सेल्फची धडपड दोन सेकंदांत संपते.

म्हणून लॅम्प करताना वायरी लांब ठेवाव्यात. २१ वॅटचा सिंगल कॉन्टॅक्ट बल्ब, त्याचा होल्डर, एक स्क्वेअर एमएमच्या दोन वायरी तीन-तीन मीटरच्या, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप आणि एका वायरीत ५ अँपिअरचा फ्यूज. बल्ब खिडकीतून आत घेऊन डॅशबोर्डवर ठेवायचा. तो चांगलाच तापतो, त्यामुळे त्याची काच फडक्याला किंवा डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकला टेकू देऊ नका. तयार घ्यायचा असेल तर एलईडीवाला घेऊ नका. एलईडी काही मिलिअँपिअरवर पेटतो, म्हणजे मीटरचाच दोष पुन्हा विकत घेतल्यासारखं होतं.

वापरताना गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. एक क्लिप थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, बॉडीवर नाही, नाहीतर खराब अर्थिंगचा (बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला आणि इंजिनाला जोडणाऱ्या पट्टीचा) दोष वायरीवर ढकलला जातो. दुसरी क्लिप सोलेनॉइडच्या बारीक वायरीच्या टर्मिनलवर. चावी फिरवा. बल्ब पेटलाच नाही तर दोष मागे आहे: फ्यूज, रिले, इग्निशन स्वीच, काही गाड्यांत क्लच स्वीच. क्लिप एकेक जोड मागे सरकवत न्यायची. जिथे बल्ब लख्ख पेटतो आणि त्याच्या पुढच्या जोडावर मरतो, दोष त्या दोघांच्या मध्ये. इग्निशन स्वीचचा कपलर (वायरींचा प्लग) उघडलात तर पिना नीट बघा. एक पिन काळपट आणि तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी झालेलं असलं, तर शोध तिथेच संपला.

बारीक टर्मिनलवर बल्ब लख्ख, ‘टक्’ही होतंय, पण सेल्फ फिरत नाही? मग क्लिप सोलेनॉइडच्या मोटरकडच्या जाड बोल्टवर लावा, जिथून तांब्याची पट्टी किंवा जाड वेणी सेल्फच्या आत जाते. तिथे ‘टक्’ होऊनही बल्ब बंद, तर सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेत. बल्ब पेटतोय आणि मोटर गप्प, तर बहुधा कार्बन संपलेत. सेल्फच्या अंगावर हलकेच ठोकल्यावर एकदा फिरला, तर शंका उरत नाही. ‘टक-टक-टक-टक’ अशी माळ लागली तर मात्र लॅम्प बाजूला ठेवून बॅटरी आणि तिचे क्लॅम्प बघा.

लॅम्प हरतो ती मोठी जागा म्हणजे अर्थिंग. चॅसी रंगवून घेतलेल्या गाडीत अर्थ पट्टी रंगावरच आवळलेली असते. पावणेदोन अँपिअरला ती पुरते, शेकडो अँपिअरला पुरत नाही. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरा इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, एक व्होल्ट आला तर पट्टी खोलून दोन्ही टोकं घासायची. मीटर नसेल तर जंप केबलने निगेटिव्ह खांब आणि ब्लॉक थेट जोडा. त्यानंतर सेल्फ फिरला, तर अर्थिंगच.

दुसरी जागा नवीन गाड्यांची. कॉमन रेल (कॉम्प्युटरच्या हुकमावर डिझेल सोडणाऱ्या) इंजिनाच्या पिकअपमध्ये, त्यातही एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ मध्ये, सेन्सरच्या ५ व्होल्टच्या वायरी आणि ईसीयूकडून (इंजिनाच्या कॉम्प्युटरकडून) येणाऱ्या बारीक वायरी असतात. तिथे २१ वॅटचा बल्ब लावला तर पावणेदोन अँपिअरच्या ओढीने ईसीयूचं आउटपुट जळू शकतं. कुठली वायर कुठे जाते हे ठाऊक नसेल, तर अशा गाडीत मीटरशिवाय हात घालू नये.

तेव्हा बीएस-६ पिकअप घेतली असेल तर पहिली खरेदी मीटरचीच करावी, असं मला वाटतं. पण मेकॅनिकल पंपाची दहा-पंधरा वर्षांची गाडी असेल, वायरिंगला तीन-चार मालकांचे हात लागलेले असतील आणि गाडी एकट्यालाच चालू करायची असेल, तर माझा कल लॅम्पकडे. बॅटरीचं व्होल्टेज सवडीने घरी बघता येतं, बॅटरीवाला ते मोजूनही देतो. कुठल्या जोडात करंट अडलाय हे गाडी अडली तिथेच कळायला लागतं. लॅम्पबरोबर त्याच वॅटचा एक जादा बल्ब कापसात गुंडाळून ठेवा, आणि सेल्फला हात लावण्याआधी लॅम्प दर वेळी बॅटरीच्या दोन खांबांवर पेटवून बघा, कारण फिलामेंट तुटलेला बल्ब प्रत्येक वायर मेलेली दाखवतो.