प्राडो, माद्रिद : एका चित्रासाठी तिकीट काढलं आणि पैसे वसूल

प्राडो या कलासंग्रहालयात लोक बहुतेक वेलास्केझ आणि गोया या स्पॅनिश चित्रकारांची चित्रं बघायला जातात, मी गेले ते रोजियर व्हॅन डर वायडन या फ्लेमिश चित्रकाराच्या एकाच चित्रासाठी, ख्रिस्ताला क्रुसावरून खाली उतरवतात ते. साधारण 1435 चं, ओकच्या फळ्यांवर तैलरंगात, 2.2 मीटर उंच आणि 2.6 मीटर रुंद, त्यामुळे माणसं जवळपास खऱ्या मापाची दिसतात. मागे ना डोंगर ना आकाश, नुसती सोनेरी भिंत आणि कपाटाएवढ्या उथळ जागेत दहा माणसं खेटून उभी, आधी वाटलं इतकी दाटी कशाला, मग लक्षात आलं की नजरेला पळून जायला वाटच ठेवलेली नाही.

आता मारियाकडे बघा. ती शुद्ध हरपून कोसळतेय आणि तिचं अंग ज्या वळणात पडलंय ना, अगदी तेच वळण वर ख्रिस्ताच्या देहाला आहे. मुलाचं मरण आईच्या अंगात उतरलंय, बस, एवढंच, पण ते कळलं तेव्हा माझ्या घशात आवंढा आला. दोघांचे हात इतके जवळ आहेत, त्याच्या हाताला खिळ्याची जखम आणि तिचा हात नुसता गळून पडलेला. खाली जमिनीवर कवटी आहे ती आदामाची, म्हणजे पहिल्या माणसाच्या पापाची फेड इथे होतेय. गालांवरचे अश्रू तर एकेक थेंब मोजता येतो.

वरच्या कोपऱ्यांतली नक्षीही चुकवू नका, त्यात इवलेइवले क्रॉसबो (खटका दाबून बाण सोडायची आडवी धनुष्यं) लटकलेत, कारण हे काम बेल्जियममधल्या ल्यूव्हेन शहरातल्या क्रॉसबोवाल्यांच्या संघाने करून घेतलं होतं.

फोटो काढायला बंदी आहे, मला ते बरंच वाटलं, सगळे मोबाईल खाली ठेवून बघतात. संध्याकाळी शेवटचे दोन तास फुकट असतात पण गर्दीत हे चित्र बघण्यात अर्थ नाही, सकाळी 10 ला दार उघडताच जा आणि तडक इथे या, बॉश या चित्रकाराची चित्रं नंतर बघा. मी डाउनलोड केलेल्या एका ऑडिओ ॲपने हे दोन मिनिटांत गुंडाळलं, त्यापेक्षा कानात काही न घालता अर्धा तास उभं राहा.

निघताना परत वळून उजवीकडच्या मॅग्डलीनजवळ (ख्रिस्ताची शिष्या) गेले, ती दुःखाने अक्षरशः दुमडलीये, आणि तिच्या कमरपट्ट्यावर येशू आणि मारिया ही दोन नावं लिहिलेली आहेत, ती मला पहिल्या फेरीत दिसलीच नव्हती.