डेबियन १२ वर साऊंड ड्रायव्हर आपोआप लोड करणं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

आईच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या म्हणून घरातल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि एक यूएसबी माइक घेतला. पहिले तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग कोरं निघालं. त्या दिवशीच्या काही ओव्या आईला पुन्हा आठवल्याच नाहीत, याची हळहळ अजून आहे.

मला वाटलं, मशीन सुरू होताना ड्रायव्हर, म्हणजे साऊंड कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, लोडच होत नाही. जुना सल्ला वाचून मॉड्यूलच्या (लिनक्समध्ये ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून लोड होतात) यादीत 'एसएनडी-एचडीए-इंटेल' (मदरबोर्डवरच्या चिपचा) आणि 'एसएनडी-यूएसबी-ऑडिओ' (माइकचा) ही नावं हाताने लिहिली. काही फरक पडला नाही. मग लोड झालेली मॉड्यूल्स दाखवणारी 'एलएसमॉड' ही कमांड चालवून पाहिली, तर दोन्ही ड्रायव्हर रोज लोड होतच होते. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सचा गाभा असलेलं कर्नल २.६ आलं आणि त्याच्याबरोबर अल्सा (लिनक्सची आवाजाची यंत्रणा) आलं, त्या सुमारास अशी नावं लिहावी लागत. आता मदरबोर्डवरची चिप असो वा माइक, कर्नलला त्याची ओळख मिळाली की यूडेव्ह (उपकरणं ओळखणारा लिनक्सचा प्रोग्रॅम) तिच्यावरून मॉड्यूल शोधून लोड करतो.

बदलत होता तो साऊंड कार्डांचा क्रम (माइकही एक कार्डच धरला जातो). कधी मदरबोर्डचं कार्ड शून्य नंबरवर आणि माइक एकवर, कधी नेमकं उलट. डेस्कटॉपवर पाइपवायर (आवाज योग्य उपकरणाकडे नेणारा प्रोग्रॅम) उपकरण नावाने ओळखतो, म्हणून गाणी ऐकताना हे कधी जाणवलं नाही. माझी स्क्रिप्ट मात्र 'एरेकॉर्ड' या रेकॉर्डिंगच्या कमांडला थेट एक नंबरचं कार्ड सांगत होती. नंबर उलटले त्या दिवशी ती मदरबोर्डच्या रिकाम्या सॉकेटमधून रेकॉर्ड करत बसली. उपाय दोन ओळींचा निघाला : 'मॉडप्रोब-डी' या मॉड्यूलच्या सेटिंगच्या फोल्डरमधल्या फाइलीत पहिल्या ड्रायव्हरला 'इंडेक्स' (कार्डाचा नंबर) शून्य आणि दुसऱ्याला एक. शिवाय स्क्रिप्टमध्येही नंबराऐवजी कार्डाचं नाव घातलं. खरं तर एवढंच आधी केलं असतं तरी पुरलं असतं.

मॉड्यूलचं नाव हाताने लिहायची खरी गरज एकाच ठिकाणी पडली. मावशी व्हिडिओ कॉलवरून ओव्या म्हणते, तो आवाज पकडायला 'एसएनडी-एलूप' लागतं. हे आभासी कार्ड आहे. मागे उपकरणच नाही, मग यूडेव्ह त्याला ओळखणार कशावरून? 'मॉड्यूल्स-लोड-डी' फोल्डरमध्ये 'कॉन्फ'ने संपणारी फाइल केली आणि तेवढं एक नाव लिहिलं. पण इथे जपा. ही यादी बूटमध्ये (मशीन सुरू होताना) फार लवकर वाचली जाते, त्यामुळे एलूप सगळ्यांच्या आधी येऊन शून्य नंबर अडवू शकतं. मी त्याला 'इंडेक्स' दहा देऊन बाजूला बसवलंय.

आवाज सुरू होताना स्पीकरमधून 'टक्' व्हायचं, ते मदरबोर्डच्या ड्रायव्हरची 'पॉवर-सेव्ह' ही वीज वाचवायची सेटिंग शून्य केल्यावर गेलं. त्यानंतर कर्नलचे बरेच अपडेट आले, पण या फाइलींना पुन्हा हात लावावा लागला नाही. रेकॉर्डिंग एकदाही कोरं निघालेलं नाही.

आमच्याकडे वीज जाते, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. माइकची पातळी अल्सा मशीन नीट बंद होताना जपून ठेवतं. मधेच वीज गेली तर पुढच्या वेळी जुनीच पातळी परत येते आणि आवाज बारीक येतो. पातळी जुळवली की लगेच एकदा 'सुडो अल्सासीटीएल स्टोअर' ही ती जपून ठेवणारी कमांड चालवा.