लेन्सचा नंबर कॅमवर दिसला, तरी लगेच पैसे मोजू नका

नागपुरात फिल्मवर फोटो काढणारे परत दिसू लागलेत, आणि त्यांच्या मागोमाग जुने कॅमेरे विकणारेही. त्यातल्याच एकाने मला लिनहॉफ सुपर टेक्निका नावाचा जुना कॅमेरा विकला. ६×९ सेंटीमीटर निगेटिव्हचा, तीन लेन्ससकट, ‘फुल मॅच्ड सेट’ म्हणून, म्हणजे प्रत्येक लेन्ससोबत तिच्याचसाठी कापलेला कॅम (फोकस जुळवणारा धातूचा तुकडा). किंमत १ लाख ६५ हजार. मॅचिंग नसलेला हाच सेट बऱ्याच कमी पैशांत मिळतो. म्हणजे वरचे पैसे मी मॅचिंगचेच मोजले आणि नेमकं तेच खोटं निघालं. विकणाऱ्याचं नाव देत नाही, प्रकरण अजून मिटलेलं नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण ती ठाऊक नसली तर जाणकार माणूसही गंडेल.

हा कॅमेरा न वापरलेल्यांसाठी थोडं. मामिया ७ सारख्या कॅमेऱ्यात लेन्सच्या माउंटमध्येच, म्हणजे बॉडीला जोडायच्या कड्यातच, रेंजफाइंडरशी (डोळा लावून फोकस जुळवायच्या खिडकीशी) बोलायची सोय असते. जवळपास कुठलीही लेन्स लावा, फोकस जुळतो. टेक्निकाचं तसं नाही. इथे लेन्स एका पाटीवर बसवलेली, मागे भाता, खाली रेल. लेन्स कुठली लावली आहे हे बॉडीला कळत नाही. ते सांगायचं काम कॅमचं. हा धातूचा छोटा, वळणदार कडेचा तुकडा आत सरकवायचा. रेल पुढेमागे होते तसा एक दांडा त्या कडेवरून फिरतो आणि रेंजफाइंडर हलवतो. दोन प्रतिमा एकमेकींवर बसल्या की फोकस लागला.

गोम अशी की १०० मिमी लिहिलेली लेन्स बरोबर १०० नसते. एक दोन टक्के इकडेतिकडे असतेच. म्हणून कॅम ‘१०० मिमी लेन्ससाठी’ असा सरसकट कापत नाहीत, त्या एका लेन्ससाठी कापतात आणि तिचा सिरियल नंबर त्यावर कोरतात. जुन्या टेक्निका ३ मध्ये तर कॅम त्या बॉडीलाही बांधलेला असे. आता हिशेब बघा. २ मीटरवर बसलेल्या माणसासाठी १०० मिमी लेन्स अनंताच्या (अगदी दूरच्या फोकसच्या) जागेपासून ५.२६ मिमी पुढे यावी लागते. तीच लेन्स प्रत्यक्षात १०२ असेल तर ५.४८ मिमी. फरक ०.२२ मिमी. ऐकायला किरकोळ वाटतो, पण एफ २.८ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी असताना, फिल्मपाशी चालणारी चूक दोन्ही बाजूंना साधारण ०.१४ मिमीच असते. माणसापाशी त्याच फरकाचे ८ सेंटीमीटर होतात. एफ १६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक केल्यावर, मात्र ०.८ मिमीपर्यंत सगळं खपून जातं. विकणाऱ्याचा सगळा धंदा या शेवटच्या वाक्यावर उभा होता.

सीताबर्डीच्या एका हॉटेलात त्याने सेट दाखवला. सोबत प्रिंट्सचा गठ्ठा होता: फुटाळा, अंबाझरी, सेमिनरी हिल्सवरून दिसणारं शहर. सगळं लांबचं, सगळं भर उन्हातलं आणि सगळं कडक शार्प. उन्हात एफ १६ लावणं स्वाभाविक, त्यामुळे शंका येत नाही. शिवाय अनंताला कॅमचा संबंध फारसा येतच नाही. रेलवर त्या लेन्सचे इन्फिनिटी स्टॉप (दूरच्या फोकसला लेन्स थांबवणारे अडसर) नीट बसवले की कॅम कुणाचाही असो, पाण्यापलीकडचं झाड शार्पच येणार. मग त्याने कॅम काढून माझ्या हातावर ठेवला, लेन्सची पुढची रिंग दाखवली आणि म्हणाला, “पाहा ना भाऊ, आकडा न् आकडा सेम हाये. काहून टेन्शन घेऊन राहिले?”

नंबर खरंच जुळत होते.

मी ग्राउंड ग्लास मागितली, म्हणजे फिल्मच्या जागी लावून थेट फोकस पाहायची धुरकट काच. ती ‘घरी राहिली’ होती. कॅमेऱ्याला फक्त १२० चा रोल बॅक, म्हणजे रोल फिल्मचं मागचं घर, लावलेला. उरलेलं सामान घरपोच येईल म्हणाला, आणि आलंही. काच तडा न गेलेली, स्वच्छ पुसलेली. हरवली असती तर संशय तरी आला असता.

मे महिना होता. नळाचं पाणीच इतकं तापलेलं की डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) २० अंशांवर आणायला बर्फाचा डबा लागायचा. पहिल्या रोलमध्ये महालातल्या वाड्यात बसलेल्या काकांचे फोटो होते, एफ २.८ वर. निगेटिव्ह भिंगाखाली धरली तर कानावरचे पांढरे केस एकेक मोजून घ्या, चष्म्याची कानामागे वळलेली दांडी शार्प. डोळे मात्र दुधाळ. नाकाचं तर विचारूच नका. आठही फ्रेममध्ये हेच.

फोन केला तर उत्तरं तयार. “हात हलला असंन.” हात हलला तर कानही हलतात. “फिल्म फुगली असंन आतमंदी.” फुगली असती तर प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी चूक दिसली असती. “सर्व्हिसिंग करून घ्या, जुना माल आहे.” हे उत्तर सगळ्यात हुशार, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. रेंजफाइंडर खरंच सरकलेला असू शकतो. पण ते घरच्या घरी कळतं. कॅमेरा ट्रायपॉडवर लावला, शिंप्याची टेप तिरकी ठेवली, २ मीटरवरच्या आकड्यावर रेंजफाइंडर जुळवला, रेल आवळली, लेन्स पूर्ण उघडली आणि मागे ग्राउंड ग्लासवर भिंग लावून पाहिलं. फोकस ८ सेंटीमीटर मागे. मग गच्चीवरून दूरचा मोबाइल टॉवर धरला, तिथे सगळं चोख. रेंजफाइंडर सरकलेला असता तर टॉवरलाही चूक दिसली असती. दूरचं बरोबर आणि जवळ येऊ तसं वाढत जाणारं चुकीचं, याचा अर्थ कॅम या लेन्सचा नाही. १८० मिमीचंही तेच. ६५ मिमी मात्र काचेवर बरोबर उतरली. वाइड लेन्सला चूक थोडी झाकली जाते म्हणून मी तीही पूर्ण उघडून, अगदी जवळून तपासली. तिचा कॅम खरा होता.

तो खरा निघाला म्हणूनच बाकीच्या दोघांचं बिंग फुटलं. तिन्ही कॅम खिडकीपाशी दुपारच्या उजेडात शेजारी शेजारी ठेवले. ६५ च्या कॅमवरचे आकडे काळपट, खाचांमध्ये वर्षानुवर्षांचा मळ, कडा बोथट. बाकी दोघांवरचे आकडे खाचेच्या तळाशी चकाकत होते. आकड्यांभोवतीचा पृष्ठभाग किंचित खोलगट, बोटाला लागेल असा. भिंग तिरकं धरलं तर नव्या ‘३’ च्या पोटातून जुन्या ‘७’ ची दांडी डोकावत होती. जुना नंबर घासून काढला होता आणि माझ्या लेन्सचा कोरला होता. काम सफाईचं, ट्रॉफी आणि शिल्डवर नावं कोरतात तसल्या मशीनचं असावं असा माझा अंदाज आहे. ‘३’ चं वळणही वेगळं. फॅक्टरीतला ‘३’ गोल, हा वरून चपटा. शेजारी खरा कॅम नसता तर हे लक्षात येणं कठीण होतं.

म्हणून असा सेट घेताना नंबर वाचायला भिंग घेऊन जा, पण नंबरवर थांबू नका. विकणाऱ्यासमोर ग्राउंड ग्लास लावा, लेन्स पूर्ण उघडा आणि दोन मीटरच्या आत काहीतरी धरून बघा. प्रत्येक लेन्सचं वेगळं. उलट दिशेनेही करा: आधी काचेवर फोकस करा, मग रेंजफाइंडरमध्ये डोकावा, दोन प्रतिमा एक झाल्यात का. लेन्समागे पाच मिनिटं लागतात. काच ‘घरी राहिली’ असेल तर पैसेही घरी राहू द्यावेत. आणि प्रिंट दाखवल्या तर विचारा, उघड्या लेन्सचा, जवळच्या चेहऱ्याचा एक तरी फोटो आहे का.

लेन्स तशा उत्तम आहेत, हेही सांगायला हवं. काचेवर फोकस करून त्या आजही वापरतोय. पण मग हातात धरून फोटो काढायचा नाही, दरवेळी ट्रायपॉड लावायचा आणि काच काढून रोल बॅक चढवायचा. एवढं करायचं तर रेंजफाइंडरवाला कॅमेरा घेतलाच कशाला? नवे कॅम कापून घ्यायचे म्हणजे लेन्स पाठवा, कापणारा बॉडीही मागणार, वर कस्टम्सची कटकट. तो खर्च दुसऱ्या एखाद्या लेन्सच्या घरात जातो.

माझ्या बाजूने एक गोष्ट भक्कम आहे. पैसे यूपीआयने गेलेत आणि ‘तीनों लेन्स के ओरिजिनल कॅम है, नंबर मॅच’ हा त्याचा मेसेज माझ्याकडे आहे. वकिलामार्फत नोटीस गेल्यावर त्याचं म्हणणं बदललं: “मी काही दुकानदार नाही, शौक म्हणून विकतो.” हे मुद्दाम आहे. ग्राहक आयोगात तक्रार धंदा करणाऱ्याविरुद्ध चालते, घरातली जुनी वस्तू विकणाऱ्याविरुद्ध तसं सिद्ध करणं अवघड. त्याच्या विक्रीच्या इतर जाहिरातींचे स्क्रीनशॉट मी जमवतोय ते त्यासाठीच. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी लागत नाही आणि तक्रार करायला २ वर्षांची मुदत असते. एका लेन्सचे पैसे परत द्यायला तो तयार झाला होता, पण तोंडी. लेखी द्या म्हटल्यावर फोन उचलायचा बंद झाला.

सध्या त्याने आणखी एक टेक्निका विकायला काढलाय, पुन्हा ‘मॅच्ड’. जाहिरातीत कॅमवरच्या नंबरचा मोठा क्लोजअप आहे. ग्राउंड ग्लासचा फोटो एकही नाही.