रामबागेतलं फॉर्मचं दुकान: चार तारे, पाचवा बाकड्यासाठी राखून

दुकानाला नाव आहे, पण पाटीवर कामांची इतकी गर्दी की ते कोणी वाचत नाही. इंदूरच्या रामबागेत आतल्या गल्लीत एमपी ऑनलाइनचं, म्हणजे सरकारी फॉर्म भरून देणारं, लहानसं दुकान, समोर कायम चपलांचा ढीग. आमच्याकडे सगळे नुसतं ‘चष्मेवाल्याकडे’ म्हणतात.

मी पोळी-भाजीचे डबे करते. रोजचे बावीस, बहुतेक भंवरकुव्याला कोचिंगला आलेल्या पोरांचे. नवरा कपडा मार्केटात एका दुकानावर आहे. एवढं सांगायचं कारण, फॉर्मच्या दुकानाचं महत्त्व घरी कम्प्युटर असलेल्यांना कळायचं नाही.

२०२२ साली थोरल्या मुलाचा कॉलेज प्रवेशाचा फॉर्म दुसऱ्या एका दुकानात भरला होता. कुठल्या ते सांगत नाही, त्याच्या दारावरून रोज जावं लागतं. त्यानं फॉर्मात स्वतःचाच मोबाइल नंबर टाकला. आम्हाला वाटलं, बरं झालं, आपल्या मागची कटकट गेली. कौन्सेलिंगच्या वेळी ओटीपी त्याच्या फोनवर, तो गावाला लग्नात, फोन बंद. चॉइस, म्हणजे कॉलेजांची पसंती, भरायची मुदत गेली. पोराला बारावीत ७६ टक्के होते. आता तो मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात आहे. तो कुरकुर करत नाही, मीच करते.

म्हणून २०२४ मध्ये धाकटीला घेऊन इथे गेले तेव्हा आधीच फणकारून गेले होते. चष्मेवाल्यानं कागद पाहायच्या आधी विचारलं, “मावशी, नंबर कोणाचा टाकायचा? चार वर्षं रिचार्ज कोण करणार?” तिथेच माझा अर्धा राग गेला.

मग त्यानं समग्र आयडी काढली, म्हणजे आमच्या राज्यातली कुटुंबाची सरकारी नोंद. कुटुंबाचे आठ आकडे, मुलीचे नऊ. आणि निघाली ना भानगड! आपल्या मराठी माणसांचं हे नेहमीचंच: आधारवर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तिन्ही, मार्कशीटवर मधलं नाव गायब, समग्रमध्ये आडनावाची वेलांटीच वेगळी. “आत्ता भरला तर पैसे घेईन आणि फॉर्म अडकेल. आधी महापालिकेच्या झोन ऑफिसला जाऊन समग्र नीट करा, मग या.” त्या दिवशी एक रुपया घेतला नाही. झोन ऑफिसच्या दोन खेपा झाल्या. उत्पन्नाचा आणि मूळ निवासीचा दाखला लोकसेवा केंद्रातून काढला, तो त्या मानानं सरळ झाला.

मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना आमच्या घरी नुसती ऐकून माहीत होती. २०१७ पासून चालू आहे. एमपी बोर्डात बारावीला ७० टक्के लागतात, सीबीएसई असेल तर ८५. इंजिनिअरिंगला जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आत रँक हवी. धाकटीचे ८४ टक्के, रँकही बसत होती. सरकारी कॉलेजची फी सरकार भरतं. खासगीत दीड लाख किंवा खरी फी, जे कमी असेल ते. मेस आणि कॉशन मनी मात्र आपल्याच खिशातून. हे शेवटचं वाक्य त्यानं दोनदा म्हटलं आणि माझ्याकडे बघून म्हटलं. मी घरी येऊन बीसी (भिशी) उचलली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. शेजारणीच्या मुलीला केंद्राची वर्षाला १२,००० रुपयांची स्कॉलरशिप मिळते, ती होळकर सायन्सला आहे. मी म्हटलं, आमच्या हिचाही तो फॉर्म टाकून दे. तो म्हणाला, “मेधावी घेतली तर ती मिळत नाही. राज्याची फीमाफी आणि ती, दोन्ही चालत नाहीत.” फॉर्मचे शंभर रुपये घेऊन गप्प बसला असता तर मला कुठे कळणार होतं?

त्याच शेजारणीच्या मुलीचे पहिले १२,००० तीन महिने सापडत नव्हते. पोर्टल म्हणतं पाठवले, पासबुक म्हणतं आले नाहीत. यानं विचारलं, मधे कुठे सिम घेताना अंगठा दिला होता का? दिला होता. तिथेच खातं उघडून आधार त्याला जोडलेलं. असले पैसे आधार शेवटी ज्या खात्याला जोडलंय तिथे जातात, फॉर्मात कुठलंही खातं लिहा.

चॉइस भरायच्या दिवशी पोरीला बायपासकडच्या एका खासगी कॉलेजात कम्प्युटर हवं होतं. मला जीएसआयटीएस हवं होतं, इथलं जुनं इंजिनिअरिंग कॉलेज, मिळेल ती ब्रँच. दुकानातच आमची जुंपली, रांगेतले लोकही मतं द्यायला लागले. इंदूर आहे शेवटी. चष्मेवाल्यानं यादी पाठकोऱ्या कागदावर छापून हातात दिली. “लॉक उद्या करू. रात्री घरी भांडा.” भांडलो. सकाळी क्रम बदलून आलो. दुसऱ्या राउंडला जीएसआयटीएसमध्ये सिव्हिल लागलं. १९५२ चं कॉलेज, घरून सिटी बसनं जाता येतं. कम्प्युटर नाही म्हणून पोरगी आठवडाभर माझ्याशी बोलली नाही.

त्याच वर्षी पेपरात अतुल कुमारची बातमी वाचली. मजुराचा मुलगा, धनबादच्या आयआयटीत जागा मिळालेली, १७,५०० रुपये मुदतीत भरता आले नाहीत म्हणून गेलेली. सुप्रीम कोर्टानं ती परत मिळवून दिली. मी तो कागद कापून थोरल्याला दाखवणार होते. नाही दाखवला.

आता तक्रारी. दरपत्रक लावलेलं नाही. झेरॉक्स कधी दोन रुपये, कधी तीन, गर्दी पाहून ठरतं. फोटो ५० केबीच्या आत बसवायचे वेगळे २० रुपये, हे मला लूटच वाटते. बोलतो तुसडा. पासवर्ड विसरून आलेल्या एका मुलाला त्यानं सगळ्यांदेखत झापलं, पोरगं रडवेलं झालं. आणि बसायला काही नाही. सर्व्हर डाउन असला की माझ्यासारखीनं दोन-दोन तास उभं राहायचं, गुडघे धरून.

परवा मुलीबरोबर पुढच्या वर्षाचा फॉर्म भरायला गेले. बाकडं अजून नाही, नवा प्रिंटर मात्र आलाय. जून-जुलैत जाणार असाल तर सकाळी नवाच्या आत जा, मार्कशीटच्या मूळ प्रती न्या, सुटे पैसे न्या. ओटीपी येणारा फोन चार्ज करून न्या, चार्जर तो देत नाही.