मिनॉक्सिडिल: आधी बाटलीतलं, मग फेसाचं

वरून काढलेल्या एका फोटोत माझा भांग पहिल्यांदा नीट दिसला. कपाळापासून मागपर्यंत दोन बोटं रुंद पांढरी पट्टी. त्याआधी वर्षभर मी बायोटिन या जीवनसत्त्वाच्या गोळ्या खात होते. त्यांनी केसांचं काही झालं नाही. उलट रक्त तपासायच्या आधी डॉक्टरांनी त्या बंद करायला लावल्या, कारण बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात.

त्वचेच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, तीन महिन्यांमागे मोठा ताप आला होता का, ऑपरेशन झालं होतं का. तशी गळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते, झुपकेच्या झुपके जातात आणि बहुतेक वेळा आपसूक थांबते. माझं तसं नव्हतं. फेरिटिन (म्हणजे अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड ठीक, पुढची केसांची रेषा जागच्या जागी, फक्त भांग फाकत चाललेला. म्हणजे आनुवंशिक. मग मिनॉक्सिडिल.

हे मुळात रक्तदाबाचं औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा कुणाला तरी ते डोक्यावर लावायची बुद्धी झाली. अमेरिकेत १९८८ मध्ये पुरुषांसाठी परवानगी मिळाली, १९९१ मध्ये बायकांसाठी.

मला आधी २ टक्क्यांचं पातळ औषध मिळालं, दिवसातून दोनदा १ मिली. या बाटलीला मी पाचपैकी दोन देईन. ड्रॉपरमधून औषध टाळूवर कमी आणि केसांवर जास्त पडतं. केस चिकट होतात, आणि वाळलं की पांढरी पापडी निघते, लोकांना वाटतं कोंडा. खाज तर इतकी की मीटिंगमध्ये पेनाने डोकं खाजवायचे. त्यातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल मला मानवत नव्हतं. शिवाय ओघळ कपाळावर यायचा, आणि दोन महिन्यांत कानशिलावर लव दाट झाली.

आता सहाव्या आठवड्याबद्दल, कारण तिथेच बरेच जण सोडतात. एके दिवशी कंगव्यात एवढे केस आले की मी बसून मोजले. एकशे चाळीसला मोजणं सोडलं. एरवी रोज ५० ते १०० जातातच. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "विश्रांतीत असलेले जुने केस नव्यांना जागा करून देताहेत." ऐकायला बरं वाटतं, न्हाणीघराची जाळी साफ करताना नाही वाटत. पुढे महिन्याभरात ते आवरलं.

चौथ्या महिन्यात ५ टक्क्यांच्या फेसावर आले. रात्री एकदाच, अर्धं झाकण. बोटं गरम असली की फेस लगेच विरघळतो, म्हणून आधी हात गार पाण्याने धुऊन पुसते. खाज गेली. आठव्या महिन्यात भांगाच्या कडेला आखूड, उभे राहणारे केस दिसले, तेल लावूनही न बसणारे. आज चौदा महिने झाले. भांग पूर्वीसारखा नाही, पण पट्टी एका बोटावर आलीय. फेसाला चार. एक गुण कापला तो मांजरीमुळे. मिनॉक्सिडिल मांजरांना जीवघेणं आहे, उशीवर लागलेलं चाटलं तरी. त्यामुळे खोलीचं दार रात्री बंद, अभ्रा रोज बदलायचा, आणि बाहेर तिचं रडगाणं.

दादाचं वेगळं. त्याला ५ टक्के दोनदा, शिवाय फिनास्टेराइड ही केसगळतीवरची गोळी, १ मिलिग्रॅम. माथा छान भरला, पुढचे कोपरे नाही आले. नऊ महिन्यांनी "आले की आता" म्हणून त्याने दोन्ही बंद केली. मी नको नको म्हणत होते. वर्षभरात माथा पुन्हा होता तसा! औषध चालू आहे तोवरच केस आहेत, हे पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापायला हवं. फिनास्टेराइडने काही पुरुषांची कामेच्छा कमी होते, आणि प्रोस्टेटच्या रक्ततपासणीतला पीएसए नावाचा आकडा निम्म्यावर येतो, म्हणून डॉक्टरांना सांगावं लागतं. दिवस गेलेल्या बाईने तर फुटलेली गोळी हातातही धरू नये. मिनॉक्सिडिलसुद्धा गरोदरपणात आणि बाळ अंगावर पीत असताना नाही.

दादाने परवा पुन्हा सुरू केलंय. काल फोन आला, "अगं, कंगव्यात बघ किती!" मी विचारलं, कितवा आठवडा?